दुपारची झोप

ही घटना खरी आहे. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी बिबवेवाडीतल्या त्या सोसायटीत जावे, दुसऱ्या मजल्यावरच्या कुलूपबंद दाराला कान लावावा आणि मग बोलावे.

मात्र दुपारी जावे.

रात्री तिथे काहीही होत नाही.

भयकथा वाचणाऱ्यांना अमावास्या लागते, पिंपळ लागतो, लांबवर रडणारे कुत्रे लागते. इथे त्यातले काही मिळणार नाही. जेवणे आटोपून अर्धे पुणे आडवे झालेले असते, दुकानांची शटरे अर्धी खाली आलेली असतात, त्या वेळची ही हकीकत आहे. साल दोन हजार एकोणीस. दिवाळी तोंडावर आली होती आणि लांबलेला पाऊस जायचे नाव घेत नव्हता.

ज्याच्यावर हे ओढवले त्याचे नाव सौमित्र.

सौमित्र कात्रजच्या पलीकडे, टेकडी फोडून उभारलेल्या एका खासगी विद्यापीठात एम.टेक. करत होता. विषय इंटरनेट ऑफ थिंग्ज. मराठीत त्याला वस्तूंचे आंतरजाल म्हणतात. तसे म्हणणारा माणूस अजून कुणाला भेटलेला नाही. घरातल्या मुक्या वस्तूंना डोळे, कान आणि वायफाय द्यायचे, की त्या आपापसात बोलू लागतात, असे हे शास्त्र. त्या विभागाच्या दारात कचरा टाकल्यावर ‘धन्यवाद’ म्हणणारी कचराकुंडी होती. खिडकीत तहान लागली की मोबाइलवर संदेश धाडणारी तुळस होती. तिने महिनाभर संदेश धाडले. कुणी वाचले नाहीत. ती वाळली, आणि वाळल्यावरही धाडत राहिली.

सौमित्रला या साऱ्याचा मनापासून तिटकारा होता. कवितेच्या पुस्तकात बोट घालून तो लॅबमध्ये बसे आणि सोबत्यांकडे, एखाद्या लांबच्या नातेवाइकाच्या लग्नात आल्यासारखा पाहत राही. माणसे गप्प होत चाललेल्या शहरात फ्रीजला कंठ फुटणार होता, आणि त्यासाठी त्याच्या वडिलांनी निवृत्तीची रक्कम मोडली होती.

पण पदवी हवी होती. तिरस्कार पोसायलाही पगार लागतो.

“खरं घर, खरा माणूस, खरा डेटा,” त्याचे मार्गदर्शक यज्ञेश्वर सर म्हणाले होते. “लॅबमध्ये पुठ्ठ्याचं घर करून आणलंस तर मी सही करणार नाही.”

त्याच्या आईने घर सुचवले. तिच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई, मंदाकिनी गोवंडे. वय ऐंशीच्या घरात. एकट्या राहत.

“आजी, नमस्कार,” सौमित्र दारात म्हणाला.

“मी तुझी आजी नाही. तुझ्या आईला मी भूगोल शिकवलाय. तिला शेवटपर्यंत नकाशात गोदावरी सापडली नाही. बाई म्हण. आणि चपला बाहेर.”

बाईंचा मुलगा शरच्चंद्र डॅलसला होता. त्याने पुण्याबाहेर मांजरी गावाजवळ, उसाच्या शेतांना लागून, वृद्धांची एक नवी वसाहत शोधून काढली होती. आईने तिथे जावे हा त्याचा हट्ट. आईने घर सोडायचे नाही हा तिचा. शेवटी तडजोड झाली. दिवाळीपर्यंत सौमित्रची यंत्रे घरात राहतील. आई एकटी नीट राहते असे त्यांच्यावरून दिसले, तर घर. नाही दिसले, तर मांजरी.

“म्हणजे माझ्याच घरात राहायला मी आता परीक्षा द्यायची,” बाई म्हणाल्या. “आणि पेपर तपासणार कोण? तर गोदावरीचा मुलगा.”

“बाई, मांजरीला सोयी चांगल्या आहेत म्हणे.”

“आहेत ना. सकाळी सामुदायिक टाळ्या, संध्याकाळी सामुदायिक भजन. मी वर्गात मुलांना गप्प बसवण्यात जन्म घालवला. आता म्हाताऱ्यांच्या घोळक्यात टाळ्या वाजवू?” त्या थांबल्या. मग आवाज जरा उतरला. “या घराचे हप्ते माझ्या पगारातून गेलेत रे. मला इथंच मरायचंय. एवढं तुझ्या त्या डब्यांना सांग.”

सौमित्रने डबे लावले. स्वयंपाकघरात फ्रीजच्या वर एक पांढरा डोळा, हालचाल टिपणारा. दाराला एक चुंबक. बेडरूममधल्या लोखंडी पलंगावर, गादीखाली एक पट्टी. वर कुणी आडवे झाले की तिला वजन कळे. दिवसभराच्या हालचालींचा अर्थ लावून सर्व्हर रोज संध्याकाळी डॅलसला आणि सौमित्रला एक संदेश धाडणार होता.

‘घरात एक व्यक्ती आहे. सर्व ठीक.’

गळ्यात अडकवायचे संकटाचे बटणही त्याने आणले होते. बाईंनी ते दोन बोटांत धरून परत केले.

“गळ्यात पट्टा? मी भुंकत नाही, तोवर नको.”

“मग निदान एक लक्षात ठेवा. स्वयंपाकघरात कधी पडलात, तर नुसता हात हलवत राहा. वरचा डोळा बघेल. कुणीतरी तिथल्या तिथे हलतंय, बाहेर येत नाही, असं दिसलं की माझा फोन वाजेल.”

“आणि तू येशील?”

“येईन.”

“बघू,” बाई म्हणाल्या.

पट्टीची तार ओढायला तो पलंगाखाली पालथा झाला होता, तेव्हा दारातून त्यांचा आवाज आला होता. “त्या पलंगाला मी दिवसा पाठ लावत नाही हं. रात्री काय ती.” तार त्याच्या दातांत होती. वाक्य कानावर पडले आणि ओघळून गेले. पुण्यातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल एवढे कोण विचारतो? दुपारी ती झोपतात. पृथ्वी गोल आहे, तसे ते आहे.

पहिले काही दिवस सगळे यथासांग चालले.

मग एका संध्याकाळी संदेश आला...

‘घरात दोन व्यक्ती असाव्यात.’

सौमित्रने लॅबमध्ये नोंदी उघडल्या. दुपारी एकच्या सुमारास पलंग भरला होता. चारला, चहाच्या वेळी, रिकामा झाला होता. आणि मधल्या साऱ्या वेळात स्वयंपाकघरातला डोळा हालचाल सांगत होता. ओट्याशी. फ्रीजशी. पुन्हा ओट्याशी.

दाराचे चुंबक मात्र दुपारभर हललेच नव्हते.

कुणी आत आले नव्हते. कुणी बाहेर गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

“भूत आहे बे ते,” शेजारच्या टेबलावरून अभिनव म्हणाला. तो यवतमाळचा, होस्टेलवर राहणारा, आणि या विषयावर मनापासून प्रेम करणारा विभागातला बहुधा एकमेव जीव. “रिपोर्टात एक चॅप्टर वाढव. टॉप करशील.”

“तुझी कचराकुंडी बघ आधी. काल रिकामी असताना धन्यवाद म्हणत होती.”

यज्ञेश्वर सरांनी आलेख पाहण्यापुरता चष्मा वर केला. “एक माणूस दोन ठिकाणी असू शकतो का? नाही. मग एक सेन्सर खोटा. वजन खोटं बोलत नाही. स्वयंपाकघरातला डोळा उष्णता बघतो. गॅस, ऊन, कुकरची वाफ, काहीही टिपतो. काढून टाक.”

तेवढ्यात डॅलसहून फोन आला.

“हे बघ सौमित्र,” शरच्चंद्र म्हणाला, “एक तर आईकडे कुणीतरी असतं आणि ती लपवतेय. नाहीतर ती झोपेतून उठून गॅसपाशी जाते आणि तिला आठवत नाही. दोन्ही केसमध्ये मी मांजरीचं बुकिंग करतोय. शुक्रवारपर्यंत बघतो.”

म्हणून सौमित्र भर दुपारी बिबवेवाडीला गेला.

जिन्यात चिटपाखरू नव्हते. कुणाच्या तरी घरात भांडी घासल्याचा आवाज होता, तोही थांबला. बाईंनी दार उघडले तेव्हा त्यांचे हात पिठाने माखलेले होते.

“झोपमोड केली का, बाई?”

“कुणाची?” बाई म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

तो बाहेरच्या खोलीत बसला. समोर बेडरूमचे दार अर्धे लोटलेले. आतल्या पंख्याची घरघर. ओट्यावरून परातीचा आवाज येत होता, बाईंच्या बांगड्यांचा आवाज येत होता...

आणि आत पलंग करकरला.

कूस बदलताना करकरतो, तसा.

सौमित्रने मोबाइल पाहिला. ‘पलंग : व्यक्ती आहे.’

तो उठला. दार ढकलले.

आत कुणी नव्हते. पांघरुणाची घडी पायथ्याशी. चादर ताणलेली, सुरकुती नाही. फक्त गादीच्या मधोमध, उशीपासून खाली, एक लांबट खळगा होता. त्याने खळग्यावर तळहात ठेवला.

गादी कोमट होती.

ऊन त्या खोलीत येत नसे. खिडकी उत्तरेला होती.

तो हात काढून घेत होता, तेवढ्यात उशाकडच्या लोखंडी दांडीतून आवाज आला. अगदी त्याच्या कानाशी...

टक. टक. टक.

धातूवर धातू.

तो मागे न पाहता बाहेर आला. बाई ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

“ऐकलंस?” त्यांनी विचारले. “चार वाजत आले असतील. चहा मागतायत.”

“कोण?”

“आमचे रावसाहेब. दुसरं कोण? एवढं लोळण्याचं कौशल्य पुण्यात तरी आणखी कुणाकडे नव्हतं.”

रावसाहेब म्हणजे बाईंचे यजमान. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली होती.

बाईंनी आधण ठेवले. एकाच कपाचे. मग बोलत राहिल्या, फोडणीत मोहरी टाकावी तशा कोरडेपणाने. “सरकारी नोकरीत होते तेव्हा रविवारी, निवृत्त झाल्यावर रोज. एक ते चार. चारला चहा. हाक मारायचेही कष्ट नकोत, म्हणून बोटातली अंगठी त्या दांडीवर वाजवायची. एकदा मी इथं, या फरशीवर घसरून पडले. पाय मुरगळला. ओरडले. आतून आवाज आला, ‘काय सांडलं?’ मी म्हटलं, मी. तर म्हणाले, ‘बरं.’ आणि कूस बदलली. करकर ऐकू आली मला. तासाभराने अंगठी वाजली.”

“तुम्हांला भीती नाही वाटत?”

“कसली? आयुष्यभर ज्यांनी उठून पाण्याचा पेला घेतला नाही, ते मेल्यावर उठून माझा गळा धरणार?” बाईंनी कपात चहा गाळला, उभ्याउभ्याच प्यायल्या. “चहाचा वास आत गेला, की उठतात आणि जातात. आता चहा तेवढा मी देत नाही. घेऊ दे म्हणावं हाताने.”

सौमित्रच्या मोबाइलवर पलंग रिकामा झाला.

त्या रात्री त्याने स्वतःला समजावले. जुन्या गादीत खळगा असतोच. पंख्याच्या हादऱ्याने दांडी वाजते. बाईंचे वय झाले आहे आणि एकटेपणाला आवाज फुटतात. हे समजावणे त्याला छान जमले, कारण त्याखाली एक दुसरी, साधी गोष्ट होती. शुक्रवार जवळ आला होता. संदेश असाच येत राहिला तर बाईंचे घर जाणार होते, आणि घर गेले की त्याचा डेटा.

त्याने एक नियम लिहिला.

घरात व्यक्ती एकच आहे. पलंग भरलेला असेल, तर स्वयंपाकघर खोटे.

एवढाच. दोन ओळींचा. नाकारलेल्या हालचालींसाठी त्याने स्वतःच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका ठेवला, तोही फक्त तपासणीपुरता. इतर कुणाला तो दिसणार नव्हता.

संध्याकाळी संदेश आला. ‘घरात एक व्यक्ती आहे. दुपारची झोप उत्तम. सर्व ठीक.’

डॅलसला आनंद झाला. बुकिंग थांबले. यज्ञेश्वर सरांनी सही केली.

फक्त बाईंचा फोन आला.

“शरदनं वाचून दाखवलं मला. दुपारची झोप उत्तम? अरे, मी चकल्या तळत होते. चार डबे. त्या कुणी तळल्या मग?”

“बाई, ते जरा तांत्रिक आहे.”

“म्हणजे तुझ्या यंत्राला लोळणारा दिसतो आणि राबणारी दिसत नाही.”

“घर वाचलं ना तुमचं?” सौमित्र जरा चिडून म्हणाला.

पलीकडे डब्याचे झाकण लावल्याचा आवाज आला.

“वाचलं,” बाई म्हणाल्या. “चकल्या घेऊन जा. तुझ्या आईला आवडायच्या.”

स्वयंपाकघरातला डोळा दुपारी आता आंधळा आहे, हे त्याने त्यांना सांगितले नाही.

सांगावे असे वाटलेही नाही.

दिवाळीच्या आठवडाभर आधी विभागाचे प्रदर्शन भरले. हिंजवडीच्या एका कंपनीतले साहेब आले होते. गळ्यात ओळखपत्रांचे पट्टे आणि चेहऱ्यावर जेवणानंतरची गुंगी. कचराकुंडीने सगळ्यांचे आभार मानले. मग सौमित्रची पाळी आली. मोठ्या पडद्यावर बाईंच्या घराचा नकाशा उमटला. पलंगाच्या जागी हिरवा, शांत उजेड.

“हे प्रत्यक्ष आत्ताचं आहे,” यज्ञेश्वर सर म्हणाले. “या क्षणी या मातोश्री आपल्या घरात सुखाने विश्रांती घेत आहेत. मुलगा डॅलसमध्ये निश्चिंत आहे. यालाच आपण कनेक्टेड फॅमिली म्हणतो.”

टाळ्या वाजल्या.

सौमित्रने स्वतःच्या लॅपटॉपकडे पाहिले. कोपऱ्यात लाल ठिपका लागला. विझला.

गॅसची ऊब असेल...

पुन्हा लागला. विझला.

साहेब प्रश्न विचारत होते. पेटंट, बाजारपेठ, अमेरिकेत किती म्हातारे. सौमित्र उत्तरे देत होता आणि ठिपका लागत होता, विझत होता. बाई ओट्याशी असल्या की ठिपका सैरावैरा लागे; फ्रीज, ओटा, कपाट. आज तसे नव्हते. लागे. मग थांबे. मग पुन्हा लागे. मधली थांबण्याची वेळ वाढत चालली होती...

कुणीतरी दमत असल्यासारखी.

त्याने घड्याळ पाहिले. चार वाजून गेले होते. या वेळी पलंग रोज रिकामा होई. चहा होई, वास आत जाई, आणि हिरवा उजेड मावळे.

आज चार कधीच उलटले होते.

उजेड तसाच होता.

आज चहा झालाच नव्हता.

“सौमित्र, साहेब काहीतरी विचारतायत,” सर म्हणाले.

सौमित्र तोवर दाराबाहेर होता.

कात्रजचा घाट, चौकातली कोंडी, चुकीच्या बाजूने येणारे टेम्पो. त्याला काही आठवत नाही. शेजाऱ्यांकडे ठेवलेली किल्ली घेऊन त्याने दार उघडले तेव्हा घरात दिवा नव्हता. पावसाळी उजेड खिडकीत राखेसारखा साचला होता. गॅसचा वास नव्हता. तळणाचा वास नव्हता. बांगड्यांचा आवाज नव्हता.

बाई ओट्याखाली, फरशीवर पडल्या होत्या. एक पाय विचित्र वळलेला. एक हात छातीवर. दुसरा...

दुसरा वर होता. कोपर जमिनीला टेकवून, मनगटातून, त्या पांढऱ्या डोळ्याकडे बघत बाई हात हलवत होत्या.

“आलास?” त्या म्हणाल्या. ओठ सुकले होते. “जेवण झाल्यावर पडले. तेव्हापासून हलवतेय. तुझ्या डब्याला मोतीबिंदू झालाय.”

त्याने रुग्णवाहिकेला फोन लावला. पाण्याचा पेला त्यांच्या ओठांना लावला. अर्धे पाणी त्यांच्या गळ्यावर सांडले.

“बाई, माझ्यामुळे...”

“श्श.” त्यांनी बोट वर केले. “ऐक.”

घर गप्प होते.

मग आतून...

टक. टक. टक.

आणि पलंग करकरला.

टक. टक. टक. टक.

आता ते थांबत नव्हते. अधीर झाले होते. धातूवर धातू, वर्गात छडी आपटावी तसे. दार अर्धे लोटलेले, पलीकडे अंधार, आणि अंधारात कुणीतरी आडवे पडून, न उठता, न विचारता, दांडीवर बोट आपटत होते.

“दुपारपासून मी ओरडतेय,” बाई हळू म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर वेदना होती, पण तिच्याही वर काहीतरी होते. घाणीत पाय पडल्यावर चेहऱ्यावर येते तसे. “आणि ते चहा मागतायत.”

खाली रुग्णवाहिकेचा भोंगा वाजेपर्यंत ते चालू होते.

बाईंचे खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया झाली. शरच्चंद्र आला, चार दिवस राहिला, मांजरीची खोली पक्की करून गेला. जाताना त्याने सौमित्रचे आभार मानले. “तू वेळेवर पोचलास. तुझी सिस्टिम नसती तर काय झालं असतं?”

“बरं,” सौमित्र म्हणाला.

प्रकल्पाला विभागात पहिला क्रमांक मिळाला. यज्ञेश्वर सरांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. त्यात तो नियम दिलेला आहे, सुबक चौकटीत.

फ्लॅटला कुलूप लागले. मीटरची वीज तोडली गेली. सौमित्रची यंत्रे आतच राहिली, कारण ती काढायला आत जावे लागले असते.

आणि पहिल्याच संध्याकाळी त्याचा मोबाइल वाजला...

‘घरात एक व्यक्ती आहे. दुपारची झोप उत्तम. सर्व ठीक.’

“शेवटची व्हॅल्यू अडकली असेल सर्व्हरवर,” अभिनव म्हणाला. “बंद कर ना बे.”

सौमित्रने डॅलसला विचारले. उत्तर लगेच आले. ‘असू दे. बंद करू नकोस. रोज मेसेज येतो, बरं वाटतं.’

हिवाळ्यात सौमित्र मांजरीला गेला. खिडकीबाहेर तोडणीला आलेला ऊस, आतल्या दालनात टाळ्यांचा व्यायाम. बाई चाकांच्या खुर्चीत होत्या. हात मांडीवर. टाळ्या वाजवत नव्हत्या.

“तो मेसेज येतो का रे अजून?”

“येतो.”

“काय म्हणतो?”

“घरात एक व्यक्ती आहे.”

बाईंनी उसाकडे पाहिले.

“मी होते तेव्हाही एकच होती. मी नाही तरी एकच आहे.” मग त्याच्याकडे वळल्या, वर्गात सर्वांत मागच्या बाकावरच्या मुलाला विचारावे तशा. “मग मी कुठे होते, सांग बघू?”

उत्तराची वाट न पाहता त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली.

तीन वर्षांनी, पावसाळ्यात, बाई मांजरीलाच वारल्या. दुपारी. मृत्यूची बातमी सौमित्रला आईकडून कळली तेव्हा तो हिंजवडीच्या त्याच कंपनीत, काचेच्या सातव्या मजल्यावर बसला होता. आता तो तिथे नोकरी करतो. इस्त्रीला वायफाय जोडतो.

त्या दुपारी त्याने जुना पडदा उघडला. का, ते त्याला सांगता येत नाही. पलंगाच्या जागी हिरवा उजेड होता. तो नेहमीच असे.

चार वाजले.

कोपऱ्यात लाल ठिपका लागला...

विझला.

थोड्या वेळाने पुन्हा लागला.

वीज नसलेल्या, कुलूपबंद घरातल्या स्वयंपाकघरात काहीतरी हलत होते.

तेव्हापासून तो रोज लागतो. ओट्याशी उभे राहून कुणी आधण ठेवते आहे, की फरशीवर पडून कुणी हात हलवते आहे, हे नुसत्या ठिपक्यावरून कळत नाही. सौमित्र ते पाहत राहतो. नियम त्याने लिहिला आहे, आणि तो पुसायला त्याला क्षणही लागणार नाही. पण पुसला, तर संध्याकाळी डॅलसला जाणाऱ्या संदेशात आकडा बदलेल. त्याने बोट अनेकदा त्या ओळीपर्यंत नेले आहे.

अजून पुसलेला नाही.

हल्ली दुपारी टेबलावर हात ठेवायला तो कचरतो. त्याच्या बोटात लग्नात मिळालेली अंगठी आहे, आणि विचारात असताना ती टेबलाच्या पत्र्यावर आपोआप वाजते, असे शेजारचे लोक सांगतात.

संध्याकाळी मोबाइल थरथरतो.

‘घरात एक व्यक्ती आहे. सर्व ठीक.’